सगळ्यांचा माळ

आषाढात अंगावर घोंगडी ओढावी लागते, हे या बेटानं मला शिकवलं. शिकवलं म्हणजे सक्तीनं शिकवलं. पटलेलं मात्र अजून नाही. आमच्या मुलखात आषाढ म्हणजे चिखल, लावणी, गुडघाभर पाणी. इथं आषाढ म्हणजे हिंव. ऊस तोडणीला येतो, आग्नेयेकडून बोचरा वारा सुटतो आणि पाऊस असा येतो, की तो पडतोय की नुसता हवेत लोंबकळतोय तेच कळू नये. बोटीतून उतरलो त्या पहिल्या साली तानीमावशी म्हणाली होती, "हय देवान गाडो उलटो जुपल्यान गो." तानीमावशी मालवणकडची. एकाच गलबतातून आलो, म्हणून मावशी. नाहीतर तिचं माझं रक्ताचं काही नाही. ती बोलायची ते सगळंच मला पटायचं असं नाही, पण हे पटलं.

काल मुलगा वाक्वाहून आला. नव्या आगगाडीवर तो हमाली करतो, आणि गाडी त्या बाजूनंच पुढं इकडं, आम्ही आता राहतो त्या नुव्हेल फ्रांसकडं येते. त्याच्या धोतराला ओल्या गवताच्या काड्या चिकटलेल्या होत्या. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आये, त्या माळावर साहेबांचा ख्योळ बगत बसलो व्हतो. लई मजा असती. आन कुणी हाकलत न्हाई बग. सरकारी माळ हाय, सगळ्यांचा हाय म्हंत्यात."

सगळ्यांचा! मला हसू आलं, आणि ते हसू घशातच आंबट झालं. तेव्हाही तो सगळ्यांचाच होता, बाळा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मी अक्षरं उशिरा शिकले. हाच मुलगा भजनीबुवांकडे पाटी घेऊन जायचा, तेव्हा त्याच्यामागं बसून शिकले. अक्षरांचा आजवर फार उपयोग झाला नाही. पण काल रात्रभर तो गवताचा वास नाकातून जाईना, आणि सकाळी वाटलं, हे निदान लिहून तरी टाकावं. लिहिल्यानं कुणाचं काही वाकडं होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

पटकीची मोठी साथ आली, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचा तो हिवाळा. आम्ही वाक्वाजवळच्या एका उसाच्या मळ्यावर पाच वर्षांच्या कराराचे मजूर. आमची झोपडी मळ्याच्या अगदी कडेला. झोपडीच्या मागं काळ्या दगडांचा गुडघाभर उंचीचा गडगा, आणि गडग्यापलीकडं तो माळ. मळ्यात जिकडं पाहावं तिकडं ऊस डोक्यावर उभा राहायचा. चार हातांपलीकडचं दिसायचं नाही. माळावर मात्र नजर लांब जायची. धुकं असलं तरी जायची. दमून आल्यावर मी नुसतीच गडग्यापाशी उभी राहायची आणि बघायची. फुकट मिळणारं तेवढं एकच होतं.

वाक्वा हे नाव तिथं उगवणाऱ्या झाडावरून पडलं आहे. आपल्या केवड्याचं सख्खं भावंड. तशीच लांब पानं, तसेच कडेला काटे, फक्त तो वास नाही. पहिल्यांदा ते झाड पाहिलं तेव्हा मी धावत जाऊन नाक लावलं होतं आणि हिरमुसून परत आले होते. या पानांच्या पट्ट्या काढून त्यांची पोती विणायची, त्यात साखर भरायची आणि ती साखर विलायतेला जायची. पोती विणणं हे आम्हां बायकांचं काम. पट्टी सोलताना काटे बोटांत जात. माझ्या बोटांची कातडी अजून त्या पानासारखीच आहे.

आता तो खेळ सांगायला हवा. ज्यानं पाहिला नाही त्याला वाटेल, बाई थट्टा करते. पलटणीतले गोरे साहेब, चांगले दाढीमिशांचे बाप्ये, लाल डगले घालून माळावर यायचे. प्रत्येकापाशी टोकाला वाकडी काठी, आणि लिंबाएवढा एक पांढरा चेंडू. तो काठीनं मारायचा. मग त्याच्यामागं शांतपणे चालत जायचं. पुन्हा मारायचा. पुन्हा चालायचं. असं करत करत दूर कुठंतरी जमिनीत एक भोक असायचं, त्यात काठी रोवून लाल फडकं बांधलेलं असायचं, त्या भोकात तो चेंडू घालायचा. एवढ्या खटपटीनं घातलेला चेंडू लगेच बाहेर काढायचा, आणि पुढच्या भोकाकडं निघायचं. आमच्या गावची पोरं विटीदांडू खेळायची तेव्हा आरडाओरड्यानं देवळाच्या शिखरावरची पाखरं उडून जायची. इथं चिडीचूप. कुणी कुणाला बाद म्हणत नाही, राज्य देत नाही, आईबहिणीवरून भांडत नाही. एक जण चेंडूपाशी उभा राहिला की बाकीचे पुतळे व्हायचे. त्याची काठी खाली येईपर्यंत कुणी खोकत सुद्धा नसे.

माळ सरकारी, म्हणून सगळ्यांचा. पलटणीचा, मळेवाल्यांचा, गावातल्या गवळ्यांचा. गवळ्यांच्या गाई दिवसभर तिथं चरायच्या. गवत आखूड राहतं म्हणून साहेबांनाही त्या चालायच्या. चेंडू गाईच्या पायाशी गेला तर साहेब गाय हलेपर्यंत वाट बघत उभे राहायचे. मात्र आम्ही मळ्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर अंगावर कागद हवा. घोड्यावरचे शिपाई फिरायचे आणि दिसेल त्या काळ्या माणसाला विचारायचे, "पाप्ये?" कागद नसला की भटक्या ठरवून तुरुंग. गाईला कुणी पाप्ये विचारत नसे.

आम्ही बायका गडग्याअलीकडं बसून विणत असू, आणि तोंडाला कुलूप नसे. हे साहेब करतात तरी काय, यावर बरीच चर्चा व्हायची. खेळ म्हणावा तर हसत नाहीत. कवाईत म्हणावी तर पाय एकत्र पडत नाहीत. शेवटी तानीमावशीनं माझ्याकडं वळून निकाल दिला.

"अगो भागी, मानसा उगाच इतकी गप रवतत काय? तडे देव आसा."

आणि खरं सांगते, आम्हाला ते सगळ्यांना पटलं. लाल निशाण, जमिनीतली जागा, तिथवर केलेली पायपीट. तिथं पोचल्यावर एक जण निशाण अदबीनं उचलून बाजूला धरतो, दुसरा कमरेत वाकतो, तिसरा टोपी काढतो, सगळे श्वास रोखून खाली बघतात. आमच्या वेताळाच्या पुढं तरी आम्ही याहून वेगळं काय करायचो? उलट आम्ही गडबड जास्त करायचो. एका देवाचं झालं की दुसऱ्याला निघतात, म्हणजे फेरी आहे, असंही मावशीनं लावून दिलं. आज मुलानं हे ऐकलं तर तो पोट धरून हसेल. हसू दे. माणसं इतकी मनापासून गप्प बसतात ती देवापुढंच, असं आम्ही समजत होतो. आम्ही अडाणी होतो, पण ही समजूत काही वाईट नव्हती.

तो रविवार होता. रविवारी मळ्यावर अर्धा दिवस सुटी. आमचे हे दारात बसून माझ्यासाठी पानांचे काटे सोलत होते. बाप्यानं हे काम करू नये, असं इतर बाप्ये म्हणायचे. हे म्हणायचे, "काट्याला काय कळतंय, बाई हाय का बाप्या?" भुरभुर थांबली होती, आणि माळावरून गवताचा ओला वास येत होता.

पांढरा चेंडू उडत आला आणि गडग्यापलीकडच्या वाक्वाच्या जाळीत पडला. मागोमाग साहेब आले. त्यातला तांबड्या मिशांचा साहेब काठीनं पानं ढोसू लागला. त्याला काही सापडेना. मग त्यानं मान वर केली आणि ह्यांना पाहिलं. हात हलवून बोलावलं, जाळीकडं बोट दाखवलं.

हे उठले. धोतराला हात पुसले आणि गडगा ओलांडला. इतकंच. आमच्या दारापासून ती जाळी हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. ह्यांनी पायानं चाचपत चेंडू शोधला आणि तसाच राहू दिला. त्याला हात लावायचा नसतो, पडला असेल तिथूनच मारायचा असतो, हे पाहून पाहून आम्हाला ठाऊक झालं होतं. नुसतं बोट दाखवून हे उभे राहिले. तोंडावर असा आनंद, जसं काही विहिरीला पाणीच लागलं. साहेबानं मान डोलावली आणि काठी सरसावून चेंडूपाशी उभा राहिला.

शिपाई सडकेवरून आला तो तेव्हाच. घोड्यावरून उतरला आणि ह्यांच्यापुढं हात केला. "पाप्ये?"

"घरात हाय," हे म्हणाले. "ह्ये काय, हितंच." आणि मग त्याला कळावं म्हणून त्याच्या बोलीत, "लाकाज! लाकाज!" असं म्हणत झोपडीकडं बोट केलं. शिपायानं मान हलवली. तेव्हा ह्यांनी साहेबाकडं बोट केलं. म्हणजे, साहेबांनी बोलावलं म्हणून आलो, विचारा त्यांना.

शिपाई काही राक्षस नव्हता. त्यानं टोपी काढली, दोन पावलं पुढं झाला, आणि साहेबाला काहीतरी विचारायला तोंड उघडलं. साहेबाचे डोळे चेंडूवर होते. त्यानं मान वर न करता डावा हात उचलला, पंजा उघडा धरला. थांबा. गप्प.

सगळे गप्प झाले. बाकीचे साहेब पुतळे होऊन उभेच होते, त्यात आता शिपाई आणि आमचे हेही पुतळे झाले. मग शिपायानं ओठावर बोट ठेवलं, ह्यांचं मनगट धरलं आणि हळूच ओढलं. आणि हेही चुपचाप गेले, हो! घोड्याच्या टापा वाजू नयेत म्हणून शिपाई त्याला गवतावरून चालवत होता, आणि ह्यांनी त्या घोड्यामागं आवाज न करता पाय टाकले. साहेबाचा फटका चुकू नये याची काळजी धरलेल्या माणसानंसुद्धा घेतली. मी झोपडीत शिरून कागद शोधत होते. तांदळाच्या मडक्यात, पानात गुंडाळून ठेवला होता, भिजू नये म्हणून. तो घेऊन मी बाहेर येते तोच टक् असा आवाज झाला. फटका चांगला बसला असावा, कारण सगळे साहेब एकदम बोलायला लागले.

मी कागद उंच धरून सडकेवर धावले. शिपायानं तो पाहिलाही. म्हणाला ते अर्धं कळलं, अर्धं हातवाऱ्यांनी: कागद माणसाच्या अंगावर हवा, मडक्यात असून चालत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता. कचेरीत सांग म्हणाला आणि घोड्यावर बसला. हे मागं वळून म्हणाले, "तू जा घरी. साहेब सांगंल. त्यानंच बोलिवलं न्हवं का?"

हेच एक वाक्य घेऊन मी घरी आले.

मळ्यावरचा मुकादम बिहारचा होता. मुकादमाला इथं सरदार म्हणतात; हाताखाली फौज नसली तरी. त्यानं मला दाराबाहेरच उभं केलं, पण खरं ते सांगितलं. "साहेब एगो बात कही, आ फिनी, छूट जाई." साहेबानं एक शब्द टाकला की संपलं, सुटेल. नाही टाकला, तर महिनोन्महिने सडकेवर खडी फोडावी लागेल. कचेरीत आमच्यासारख्याचं कोण ऐकतं? मळ्याचा मालक तर म्हणाला, माळावर कशाला कडमडला?

एक शब्द. मला तेव्हा वाटलं, देव किती स्वस्तात सोडतो आहे! साहेबाला कळलंच नसेल. तो खेळात होता. मान वर करेपर्यंत माणूस गेलेला, त्याला वाटलं असेल घरी गेला. कळलं की सांगेलच. पण साहेबापर्यंत पोचायचं कसं? गडगा ओलांडला तर मलाही कागद हवा, आणि बायकांना कागद द्यायला मळेवाले आणखी खळखळ करायचे. गडग्याअलीकडून मी काय ओरडणार, कुठल्या बोलीत?

तानीमावशी म्हणाली, "साहेबाक कित्याक सांगतस? साहेबाच्या देवाक सांग."

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"आपलो रवळनाथ पानयापलीकडे रवलो. तेका हयचा काय दिसाचा नाय. हयचो कारभार हयच्या देवाक. गाराणा घालूया."

गाऱ्हाणं घालायचं म्हणजे देवापुढं नारळ ठेवून, मोठ्यानं, चार माणसांच्या कानी पडेल असं आपलं दुःख मांडायचं, आणि बाकीच्यांनी होय महाराजा म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. गावाकडं हे काम मानकरी करतो. इथं मानकरी कुठला? मावशी म्हणाली, मीच मानकरी.

मी नको म्हणू शकले असते. पण त्या दिवसांत मला रिकामं बसवत नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, माझाही विश्वास होता. ज्याच्यापुढं साहेब वाकतात, त्यानं साहेबाच्या मनात एक शब्द घालावा, एवढंच तर मागायचं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दाट धुकं होतं; सडकेवरून कुणाला दिसणार नव्हतं. गडग्यावरून आम्ही दोघी पलीकडं गेलो, आणि पायांखाली ते आखूड, मऊ गवत आलं. त्या माळावर मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. इतकं मऊ असेल असं वाटलं नव्हतं. लाल फडकं धुक्यात भिजून काठीला चिकटलं होतं. मावशीनं भोकाच्या कडेला हळदकुंकू वाहिलं, मूठभर तांदूळ ठेवले. नारळ भोकावर ठेवला तर तो बरोबर त्यावर बसला, जशी काही जागाच त्याच्यासाठी केली होती. मावशीला हा शुभशकुन वाटला. तिनं पदर खोचला आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! तुझा नाव आमका म्हायत नाय, ता पोटात घाल. ह्या पोरीचो घो तुझ्या हद्दीत इलो, तो तुझ्याच मानसान हाक मारल्यान म्हणान इलो. तेका शिपायान धरून व्हरल्यान. तेका सोडव, आणि हिच्या घराक धाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हटलं. एकटीनंच म्हणायचं होतं, म्हणून मोठ्यानं म्हटलं.

धुक्यातून कुणीतरी हसलं. वळून पाहिलं तर लाल डगले. एक तरणा साहेब तोंडावर हात ठेवून हसत होता. तांबड्या मिशांचा मात्र हसत नव्हता. त्यानं टोपी काढून हातात धरली होती आणि आमचं संपायची वाट बघत तो उभा होता. हे मी विसरले नाही, आणि विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. माणूस उद्धट असता तर सोपं गेलं असतं.

त्याच्या मागं काखेत काठ्यांचा भारा घेऊन त्याचा नोकर होता. पलटण आधी पुण्याकडं होती. खडकीच्या बाजारातून हा साहेबाबरोबर इथवर आला होता. गणपत त्याचं नाव. तो पुढं आला आणि आमच्याच भाषेत म्हणाला, "अहो बाई, हा देव नाही. चेंडू घालायचं भोक आहे ते."

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुका काय म्हायत? तू नोकर," ती म्हणाली.

मला मात्र रडू फुटलं. देव नसल्याचं नव्हे. आपली भाषा ऐकल्याचं. मी त्याच्या पायांवरच पडणार होते, त्यानं मागं सरून मला थांबवलं. मी सगळं सांगितलं: चेंडू, जाळी, मडक्यातला कागद, सरदार म्हणाला तो एक शब्द. गणपतनं साहेबाला सांगितलं. साहेबानं मान तिरकी करून ऐकलं आणि काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतो, नवऱ्याचं नाव काय?"

मी मावशीकडं पाहिलं. नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा लाजून अर्धं गिळलं होतं. बायकोनं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे लहानपणापासून कानांवर पडलेलं. मावशी तोंड उघडत होती; तिनं सांगितलं असतं. पण साहेब माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, याला बायकोच्या तोंडून ऐकायचं आहे, म्हणजे खरं वाटेल. आणि तुरुंगात आयुष्य काय वाढणार आहे?

"धोंडू," मी म्हटलं. "धोंडू रावजी." मग पुन्हा एकदा म्हटलं, स्पष्ट.

साहेबानं मान डोलावली, तो गणपतशी बराच वेळ बोलला. गणपत खाली बघून म्हणाला, "साहेबाला आठवतोय तो माणूस. चेंडू चांगला शोधला होता म्हणतो. शिपायानं नेलं तेही साहेबानं पाहिलं होतं. वाईट झालं म्हणतो. बघतो म्हणतो."

पाहिलं होतं. म्हणजे डोळे चेंडूवर होते, पण दिसत होतं.

मग साहेबानं वाकून नारळ उचलला, मावशीच्या हातात अदबीनं दिला, रुमालानं भोकाची कड पुसली. गणपतनं आम्हाला गडग्याकडं चला म्हणून खुणावलं. आम्ही चार पावलं जातो न जातो तोच मागं ती शांतता पसरली. साहेबाची पाळी होती.

पुढचे रविवार मी गडग्याअलीकडं उभी राहून काढले. उसाच्या तोडणीचे दिवस. मळ्याच्या धुराड्यातून काकवीचा गोड वास यायचा. साहेब येताना दिसला की मी पोतं खाली ठेवून उठायची. तो मला पाहून टोपीला हात लावायचा. दर वेळी. एकदाही चुकला नाही. आणि मग पुढच्या फडक्याकडं निघून जायचा. माझं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

गणपत सवडीनं गडग्यापाशी थांबायचा, चार शब्द मराठी बोलायला. एकदा तो कौतुकानं सांगत होता. म्हणे, आमच्या साहेबासारखा सचोटीचा खेळणारा पलटणीत नाही. परवा झाडीत एकटाच होता, कुणी बघत नव्हतं. काठीचा नुसता धक्का लागून चेंडू बोटभर हलला. बाहेर येऊन आपणहून म्हणाला, माझा एक फटका जास्त धरा.

"मग माझ्या माणसाचं काय?" मी विचारलं.

गणपतनं काठ्यांचा भारा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. "मी काढला होता विषय, बाई. साहेब म्हणाला, माळावर खेळाशिवाय दुसरं बोलायचं नसतं. घरी काढला, तर म्हणाला, सरकारच्या कामात पलटणीनं तोंड घालू नये, बरं दिसत नाही."

मी त्यावर वर्षानुवर्षं विचार केला आहे. भात रांधताना, पोती विणताना, पटकीत माणसं पटापट उचलली जात असताना. साहेब लबाड असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण बोटभर हललेला चेंडू ज्याला रात्री डाचतो, त्याला हललेला माणूस डाचत नाही, याला काय म्हणावं? त्याची सचोटी खोटी नव्हती. ती फक्त त्या लाल फडक्यांच्या आतली होती. गडग्यापाशी येऊन ती थांबायची, जशी आमची पावलं थांबायची. कागद बहुतेक तिलाही मिळत नसावा.

दिवाळीच्या तोंडावर हे सुटून आले. पोर लुई बंदराच्या बाजूला सडकेवर खडी फोडत होते. उन्हानं कातडी जळली होती, आणि दगडाची कपची उडून एका डोळ्याला कमी दिसत होतं. पण सगळ्यात बदललं होतं ते चालणं. घरातल्या घरात हिंडतानाही पाय न वाजवता हिंडायचे. मी पाठमोरी असले तर हे आत आलेले मला कळायचं नाही. कागद आता कमरेला करगोट्यात बांधलेला असायचा, झोपतानासुद्धा. तानीमावशी म्हणाली, देवान ऐकल्यान, उशिरा का होईना. म्हाताऱ्या माणसाचा देव काढून घेऊन मला काय मिळणार होतं?

पुढच्या आषाढात पुन्हा हिंव पडलं, लाल डगले माळावर आले. मला वाटलं, हे आता तिकडं तोंडसुद्धा करणार नाहीत. मी तर गडग्याच्या बाजूचं दार लावूनच घेतलं होतं.

रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. ह्यांनी पहिला घास उचलला आणि पलीकडून हाक आली. नुसती "हे!" अशी, गुरांना मारतात तशी. ह्यांनी घास ताटात ठेवला, हात झटकला, कमरेचा कागद चाचपला आणि धावले. चालत नाही गेले, धावले. एका डोळ्यानं जाळीत चेंडू शोधला, बोट दाखवून उभे राहिले, आणि साहेबाचा फटका होईपर्यंत पापणी हलवली नाही.

परत आले तेव्हा मी फणकारून म्हटलं, "लाज कशी वाटत न्हाई? पुन्यांदा त्याच्यासाठी जाताय?"

हे शांतपणे ताटावर बसले. "अगं, त्याच्यासाठी न्हाई. त्या येळी त्याला ठाव नव्हतं, मी कोण, कुठला. ठाव असतं तर बोलला असता. आता तोंडवळख झाली पायजे. साहेबानं वळखलं, म्हंजे पुन्हा कुणी धरायचं न्हाई."

मी तोंड उघडलं. ठाऊक होतं त्याला, असं जिभेवर आलं होतं. त्यानं पाहिलं होतं. तुमचं नाव सुद्धा त्याला ठाऊक आहे, मी माझ्या तोंडानं सांगितलं आहे, दोनदा. पण खडी फोडताना ह्या माणसानं उरात एवढं एकच जपून आणलं होतं, की साहेबाला माहीत नव्हतं. तेही मी काढून घेतलं असतं तर ह्यांनी कशाच्या बळावर गडग्याबाहेर पाय टाकला असता? मी गप्प बसले. त्या माळानं मलाही गप्प बसायला शिकवलंच होतं.

असे दोन हिवाळे हे धावले. पलटण दुसरीकडं जायच्या आधीचा शेवटचा रविवार असेल. हे धापा टाकत आत आले, तोंडभर हसत. इतक्या दिवसांत मी ते हसू पाहिलं नव्हतं.

"आज साहेबानं माझ्याकडं बगून टोपीला हात लावला," हे म्हणाले. "वळखलं गं त्यानं मला. आता काय भ्या न्हाई."

"वळखलं असंल," मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात भात वाढला.